डाव्या अंगाचं दार

९ सप्टेंबर ९८, बुधवार

काल म्हाताऱ्याला दवाखान्यातनं घरी आणला. बावीस दिवस झालं. नेला तवा तोंड वाकडं हुतं आन् डावा हातपाय लाकूड. आता तोंड सरळ आलंय, पाय जरा उचलतोय. हात तसाच लोंबतोय. बोलणं पहिल्या दिवसापासनं चोख, म्हणून येईल त्यो म्हणतोय, वाचला.

डॉक्टरीण पोरगीच हाय, पण बोलती नेट. म्हणाली, आज्जी, ह्यांच्या मेंदूच्या उजव्या भागात रक्त अडकलं. त्यामुळं डावी बाजू म्हणून काय असतं हेच त्यांच्या ध्यानातनं गेलंय. डोळे चांगले आहेत, लक्ष तिकडं जात नाही. तुम्ही डावीकडं बसा, डावीकडनं हाक मारा, पाणी डावीकडं ठेवा. रोज. आलं तर तसंच परत येईल. आणि विस्तव, रस्ता, विहीर, ह्यापासनं लांब. रोज काय करतात ते लिहून ठेवा.

मी म्हटलं माझी शाळा तिसरी. म्हणाली, मग तिसरीचं लिहा.

सुरेखानं, सुनेनं, ब्लाउजच्या मापांची वही दिली. निम्मी कोरी हाय.

विस्तवापासनं लांब म्हणं. चाळीस वर्सं गुळव्या हाय त्यो. काहिलीत उकळणारा उसाचा रस कुठल्या घडीला गूळ झाला ते सांगणारा. त्याचा जलमच विस्तवाच्या कडंला गेलाय.

११ सप्टें., शुक्र.

भाकरी वाढली. उजवी निम्मी खाल्ली, डावी निम्मी तशीच, दोरा धरून कापल्यागत. ताट सारलं आन् म्हणाला, "एवढीच व्हय?" मी ताट गर्रकन फिरवलं. म्हणाला, "हां, आता कशी वाढलीस." ती बी खाल्ली.

रोज हेच माप लिव्हणार, किती खाल्ली. आज भा. अर्धी.

१५ सप्टें., मंगळ.

दाढी स्वतः केली. उजवा गाल चकचकीत, डाव्यावर खुंट तसंच. आरशात बघून खूश. मी म्हटलं, निम्मा नवरदेव आन् निम्मा गोसावी.

पहिला म्हातारा असता तर माझ्या माहेरापासनं सुरू करून सात पिढ्या उकरल्या असत्या. मी त्याच्या आठ काढल्या असत्या. आमचा संसार त्याच्यावरच चाललाय. हा म्हणाला, "व्हय." सपाट. येष्टीची येळ सांगत्यात तसं. थट्टा केली हेच कळलं न्हाय त्याला.

आत जाऊन उगंच डबं पुसत बसलो. भा. अर्धी.

१८, शुक्र.

सकाळी हाक आली. "गंगव्वा, ह्या जलीलला उठीव. माझ्या अंथरुणात झोपलाय."

जलील म्हणजे गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालणारा. तीस वर्सं दोघं एकाच काहिलीवर. घरात कोण न्हाय. मी म्हटलं कुठाय? उजव्या हातानं आपला डावा हात उचलून दावला. "ह्यो बघ. जलीलचा हात."

"त्यो तुमचाच हाय."

"माझं माझ्यापाशी हायत की."

"मग दुसरा दावा."

"कामाला गेलाय."

हसावं का काय.  त्या हाताच्या अंगठ्यापाशी चट्टा हाय, आमचा पोरगा आनंदा जलमला त्या साली काहिलीनं भाजलेला. हळद मीच लावलती. त्यो चट्टा दावला. न्याहाळून बघितला आन् म्हणाला, "जलीलला बी भाजलं हुतं तर."

दिवसभर त्या हाताकडं बघायला भ्या वाटाय लागलं मला. आपल्याच माणसाचा हात.

२४, गुरु.

जलील भेटाय आला. मी मुद्दाम डावीकडं बसवला. म्हाताऱ्याला दिसला न्हाय. जलीलनं हाक मारली, "आप्पा." म्हातारा उजवीकडं बघतोय, कोनाडा, खुंटी, भिंत. परत हाक. परत कोनाडा. जलीलचा आवाजच फुटला, तोंडाला टावेल लावून रडाय लागला. म्हातारा मला इचारतोय, "जलील का हसतोय?"

जाताना दारात जलील म्हणाला, "वैनी, ह्यो आपला माणूस न्हाय."

मी म्हटलं, "मग कुणाचा हाय ते सांग, नेऊन पोचवतो."

हसला बिचारा. मी बी हसलो. मग दार लावून तसाच उभा ऱ्हायलो. 

३ ऑक्टो., शनि.

दसरा झाला. म्हातारा काठी घेऊन अंगणापातुर जातोय. उजवीकडं वळतो, डावी चौकट खांद्यानं ठोकतो. खांदा काळानिळा. इचारलं तर म्हणतोय, चौकट आनंदानं आत सरकवली.

पण आज एक झालं. मी सारा दिस डावीकडंच बसतोय, बांगड्या वाजवतोय, शिव्या देतोय, सगळं डावीकडनं. पाण्याचा तांब्या बी तिकडंच. तान लागली तवा दोन येळा उजवीकडं चाचपलं, मग मान वळली. हळू, गंजलेलं बिजागर वळल्यागत. तांब्या दिसला. घेतला.

भा. पाऊण. पाऊण म्हंजे पाऊण, मी परत मोजून बघितली.

७ ऑक्टो., बुध.

बाळासाब आला, गुऱ्हाळाचा मालक. डब्यात कढलेली काकवी घेऊन. दिवाळी झाली की गुऱ्हाळ सुरू करायचं म्हणतोय. कागलचा एक गुळव्या बघितला, पण मन बसंना.

म्हाताऱ्यानं वाटीत पाणी मागितलं. सुरेखानं काकवी तापवून दिली. त्यानं उजव्या बोटानं थेंब सोडला, पाण्यात गोळी वळली, तिरपी करून बघितली, वाटीच्या कडंवर आपटून आवाज ऐकला. "अजून दोन कढ कमी हाय. आन् उसाला पाणी जास्त दिलंय, मळ्याच्या अंगाचा हाय ह्यो."

बाळासाब माझ्याकडं बघून, "काकी, माणूस नंबरी हाय की. तुमी उगंच झाकून ठेवलाय."

मी म्हटलं, "ती वाटी त्यांच्या डाव्या हाताला ठिवा आन् मग इचारा." कुणी ऐकलं न्हाय.

आनंदा पोरगाच त्याच्या बाजूनं. म्हणतोय, आप्पा तिथं गेलं की माणसात येतील. मग बाळासाबच म्हणाला, बरं, गुऱ्हाळाच्या पूजेला काहिलीभवती पाच फेऱ्या आप्पांनीच घालायच्या, बिनकाठीच्या. घातल्या की हंगाम त्यांचा.

बाळासाब गेल्यावर आनंदा मला म्हणाला, "अव्वा, तू त्यांस्नी आजारी करून ठेवतीस."

लिव्हून ठेवतो. त्याला पुढं वाचाय.

१० ऑक्टो., शनि.

फेऱ्या जमत्यात का बघाय मारुतीला नेला. पाच फेऱ्या, काठी पुजाऱ्याकडं देऊन. पाय वढतोय, पण एकदा अडखळला न्हाय. पुजारी म्हणाला, कोण म्हणतंय आजारी हायत? आनंदाचं तोंड फुललं.

मला बी वाटलं, मीच वाईटावर हाय का काय.

१२ ऑक्टो., सोमवार

म्हादेवाला गेलतो, दोघंच.

म्हादेवाला पुरी फेरी घालत न्हाईत. अभिषेकाचं पाणी जिथनं भाईर पडतं त्या पन्हळीपातुर जायचं, ती वलांडायची न्हाय, वळून आल्या वाटंनं माघारी यायचं. लहानपणापासनं अंगात बसलंय, त्याला बी.

जाताना झ्याक गेला. देवळाच्या भिंतीला उजवा हात लावत. पन्हळीपाशी वळला. आन् थांबला.

"गंगव्वा, देऊळ कुठं गेलं?"

मी म्हटलं, आवं, हे काय, तुमच्या डाव्या खांद्याला लागतंय.

समोर बघितलं, उजवीकडं बघितलं. "काढलं त्यांनी. कधी काढलं?"

आवाज सपाट. देऊळ गेल्याचं ना दुःख ना नवल. दगडाचं एवढं देऊळ, कळसासकट, माणसाच्या खांद्याला चिकटलेलं, आन् त्याला न्हाय. मग चालाय लागला, उजवीकडं उजवीकडं करत कुंपणाच्या निवडुंगात. मी पदर खोचून त्याला धरला, न्हायतर आत गेलाच हुता.

वट्ट्यावर बसवला आन् मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. मारुतीला पाच फेऱ्या झ्याक का झाल्या. देव उजव्या हाताला ठेवूनच फिरत्यात. मारुती सारा येळ ह्याच्या उजव्या अंगाला हुता. वळायचा परसंगच आला न्हाय.

काहिलीभवती बी तसंच फिरत्यात.



१६ ऑक्टो., शुक्र.

डॉक्टरणीला वही दावली. सगळी वाचली, सोमवारचं दोनदा. म्हणाली, आज्जी, आमच्या तपासणीत इतकं स्पष्ट कळत नाही. गुऱ्हाळ नाही म्हणजे नाही. भाकरी पाऊणवर आली म्हणून खूश झाली. बसत राहा डावीकडं, हे पहिले चार-पाच महिनेच खरे, मागनं अवघड असतं.

आनंदाला सांगितलं. म्हणतोय, देवळात चक्कर आली आसंल. डॉक्टरणीनं गुऱ्हाळ कधी बघितलंय का?

म्हाताऱ्याला इचारलं, तर म्हणतोय, "मला काय झालंय?" हे खोटं बोलत न्हाय त्यो. त्याचंच भ्या हाय. खोटं बोलणारा माणूस कधीतरी चुकतो आन् सापडतो.

२ नोव्हें., सोम.

रात झालीय. तरी लिव्हतो.

गुऱ्हाळ सुरू झालं. पाच फेऱ्या घातल्या, बिनकाठीच्या. काहील उजव्या हाताला. नारळ फुटला, चुलवाण पेटलं, रस सोडला. माणसं म्हणाली, आप्पा हायत तसंच हायत की. आनंदानं माझ्याकडं बघितलं. 

रस उकळाय लागला, मळी वर आली. म्हातारा कडंला उभा, उजव्या हातात पळा. जलील, जाळ दाब. मळी काढाय भेंडीचं पाणी सोडा. सगळं बरोबर. बाळासाब हात चोळतोय.

मी आदल्या दिवशी जलीलला सांगून ठेवलं हुतं. मी मागनं हाक मारणार. ह्यो आल्या बाजूनं माघारी वळंल, तवा काहील त्याच्या डाव्या अंगाला येईल. तू लगटून उभा ऱ्हा. तोल गेला की धर. पण आधी धरू नगंस, लोकांस्नी बघू दे एकदा. जलील म्हणाला, वैनी, हे बरं न्हाय. मी म्हटलं, मग दुसरं सांग. त्याला सुचलं न्हाय. मला बी.

हाक मारली. आवं, च्या घ्या.

वळला. माझ्याकडं बघत सरळ चालाय लागला, मधी काय न्हाय असा. काहिलीची कड गुडघ्याएवढी. डावा पाय कडंला लागला, अंग कललं. जलीलनं कमरंला मिठी मारून मागं वढला. पण लोंबता हात कुणाच्या ध्यानात न्हवता. माझ्या बी न्हवता. त्यो कडंवर पडला आन् पडूनच ऱ्हायला. वास आला तवा कळलं.

म्हातारा आरडला न्हाय. जलीलच्या तोंडाकडं बघून म्हणाला, "लेका जलील, तुझा हात भाजला की. जा, पाण्यात घाल."

समद्यांनी बघितलं. बाळासाबनं टोपी काढली. आनंदा चुलवाणाच्या मागं जाऊन वकला.

माझं खरं झालं. हाक मीच मारलती.

३ नोव्हें., मंगळ.

पट्टी बांधलीय मनगटापातुर. दुखत न्हाय म्हणतोय. जलीलला बरं हाय का, हे मात्र चारदा इचारलं.

आनंदा माझ्या पायाशी येऊन बसला.  त्याला काय म्हणू? त्यानं नेला, मी भाजला.

६, शुक्र.

सकाळी उठून डोक्याला टापशी बांधाय लागला. "आज किती आदणं हायत, किती काहिली काढायच्या?" मी म्हटलं, आवं, तुमी भाजलासा. "जलील भाजलाय. मग तर मला जायलाच पायजे." आनंदानं अडवला, तर काठी उगारली. आमच्या घरात पोरावर कधी हात उगारला न्हवता त्यानं. तोंडावर राग बी न्हाय. काठी तेवढी वर.

९, सोम.

गेला. मी भाकऱ्या थापत हुतो, सुरेखा कापड बेतत हुती. दार मोकळं.

उसाच्या ट्रॉल्यांच्या रस्त्यावर घावला, मधोमध चालत. ट्रॅक्टर डावीकडनं घासून जातोय, कर्णा वाजवतोय, हा आपला गुऱ्हाळाकडं. ट्रॅक्टरवाला मला म्हणाला, "मावशी, पावणं भैरं हायत का?" मी म्हटलं, न्हाय बाबा, निम्मं हायत.

हातातलं पीठ वाळून गेलं तरी धुवाय सुचलं न्हाय.

१०, मंगळ.

खाट फिरवली. मी आन् सुरेखानं. उजवी कड भिंतीला टेकवली, पायथ्याला धान्याची कणगी सारली. दार आता डाव्या अंगाला. खाटंवरनं उतरायचं तर डावीकडनंच. आन् डावीकड त्याला हाय कुठं.

सुरेखा म्हणाली, "आत्या, हे कसं वाटतंय." मी म्हटलं, खाट हाय ती. खाटंसारखी वाटंल.

१२, गुरु.

बसून ऱ्हातोय. उठाय बघतो, भिंतीला हात लावतो, परत बसतो.

"गंगव्वा, ह्या खोलीला दार न्हाय."

मी दारातच उभा हुतो. म्हटलं, न्हाय.

"बरं," म्हणाला.

१७, मंगळ.

शांत हाय. येणारं जाणारं म्हणत्यात, बरं झालं, निवला. मी आता त्याच्या पायथ्याला, कणगीपाशी बसतो. डावीकडं बसलो आन् मान वळली, तर माझ्यामागं दार दिसंल. तांब्या खाटंवरच उजव्या कुशीला ठेवला. हाका मारत न्हाय. शिव्या बी बंद.

भा. अर्धी.

२४, मंगळ.

पट्टी बदलाय गेलतो. डॉक्टरीण म्हणाली, डावीकडं बसता ना, आज्जी? मी म्हटलं, व्हय. वही मागितली. म्हटलं, घरात ऱ्हायली. पिशवीतच हुती.

गुऱ्हाळ शिमग्यापातुर चालणार. तवर काहील तापलेली. शिमगा झाला की काहील पालथी पडंल, मग खुशाल वळू दे त्याला कुठं वळायचं तिकडं. पण तवर डॉक्टरणीचं चार-पाच महिनं बी सरत्यात.

हे कुणाला इचारायचं? आनंदा म्हणतोय, तू म्हणशील तसं. आता म्हणतोय.

२८, शनि.

भा. अर्धीच्या आत.

आज माझा हात त्याच्या हातात दिला, उजव्या. चाचपून म्हणाला, "ह्यो कुणाचा?"

त्याला दिसत हुतो मी. खाटंवर चढून भिंतीच्या अंगाला, उजवीकडंच बसलो हुतो. तरी इचारलं. का गंमत केली त्यानं, पहिल्यागत? आवाजावरनं आता मला बी कळत न्हाय.

३० नोव्हें., सोमवार

सकाळपासनं वारं गुऱ्हाळाकडनं हाय. गुळाचा वास घरात भरलाय. दार लावावं म्हणून उठलो आन् न लावताच आलो.

भाकरी केली, ताट घेतलं आन् डावीकडं जाऊन बसलो. तीन आठवड्यानी. खाली वाकून बांगड्या वाजवल्या. म्हटलं, आवं, निम्मा नवरदेव. काय न्हाय. म्हटलं, तुमच्या आईनं तुम्हाला एका अंगानंच जलम दिला काय. काय न्हाय. मग बोलायचं सोडलं आन् नुसता बसून ऱ्हायलो. वास येतच हुता.

मान वळली. चार बोटं. गंजल्यागत, थांबत थांबत. डोळं माझ्या अंगावरनं पुढं गेलं का माझ्यावरच थांबलं, सांगता येईना. मी हाय त्याच्या आन् दाराच्या मधी.

"कोण तिकडं?" म्हणाला.

मी अजून सांगितलं न्हाय. ताट मांडीवर घेऊन हेच लिव्हत बसलोय. मान अजून इकडंच हाय. दार उघडं हाय.